हृदय आणि फुफ्फुसांच्या आजारांवरील क्लिनिकल ट्रायल : सहभागी होताना या चुका टाळा

हृदयाच्या झडपेचा आजार, हृदयाचे कमी झालेले पंपिंग, दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांसाठी वर्षानुवर्षे नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला चकरा मारणाऱ्या कुटुंबाच्या कानावर ‘ट्रायल’ हा शब्द कधी ना कधी येतोच. कोणी त्याला फुकटचा उपचार समजतो, तर कोणी ‘आपल्यावर प्रयोग करतात’ म्हणून पुढचे ऐकूनही घेत नाही. क्लिनिकल ट्रायल हे संशोधन असते. त्यात तपासण्या होतात, औषध मिळते, डॉक्टरांचे लक्षही राहते. परंतु मुख्य हेतू एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा असतो आणि ते उत्तर सुरुवातीला डॉक्टरांनाही ठाऊक नसते. खाली दिलेल्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

नवे औषध म्हणजे चांगले औषध, असे गृहीत धरणे

लहानपणच्या संधिवाताच्या तापामुळे झडप खराब झालेले रुग्ण आपल्या ग्रामीण भागात आजही दिसतात. त्यांतील ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण ठरवण्यासाठी वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे सांगणारा आकडा, तपासावा लागतो. रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या गोळीला ही तपासणी लागत नाही. म्हणून ‘इन्व्हिक्टस’ या ट्रायलमध्ये 24 देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर तिची वॉरफरिनसारख्या जुन्या औषधांशी तुलना करण्यात आली. निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जुने औषध घेणाऱ्या गटात मृत्यू कमी झाल्याचे दिसले. अनेक तज्ज्ञांचा अंदाजही याच्या उलट होता.

तेव्हा ‘मला नवीनच औषध द्या’ असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळेल, हे बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये संगणक चिठ्ठी काढल्यासारखे ठरवतो आणि अनेकदा ते रुग्णालाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. काही ट्रायलमध्ये एका गटाला औषधाचा अंश नसलेली, हुबेहूब तशीच दिसणारी गोळी दिली जाते. अशा वेळी ‘माझे नेहमीचे उपचार त्यासोबत चालू राहणार का?’ हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर माहितीपत्रकात कोठे लिहिले आहे, तेही दाखवायला सांगावे.

ऐकीव माहितीवर किंवा मध्यस्थावर विसंबणे

भारतातील ट्रायलची अधिकृत नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया, म्हणजे सीटीआरआय, या संकेतस्थळावर असते. ते 2007 मध्ये सुरू झाले आणि 1 एप्रिल 2018 पासून तेथील नोंद पहिला रुग्ण सामील होण्याआधीच करावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदी इंग्रजीत असल्याने घरातील शिकणाऱ्या मुलामुलींची मदत घ्यावी लागेल, एवढीच अडचण.

शोधताना तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे भरतीची स्थिती न पाहणे. आजाराचे नाव टाकल्यावर लांबलचक यादी येते, पण तिच्यातील कितीतरी ट्रायल संपलेल्या किंवा भरती थांबलेल्या असतात. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असे लिहिलेल्याच आपल्या उपयोगाच्या. दुसरी म्हणजे केंद्रांची यादी न वाचणे. नोंदीत प्रत्येक केंद्राचा पत्ता, तेथील प्रमुख डॉक्टर आणि त्या ठिकाणच्या एथिक्स कमिटीच्या (रुग्णांच्या हितासाठी ट्रायल तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीची स्थिती दिलेली असते. तिसरी चूक म्हणजे नोंद आहे म्हणजे सरकारने औषधाची हमी घेतली, असे समजणे. नोंदणी म्हणजे केवळ नोंदणी. त्याच यादीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठीचे छोटे अभ्यासही असतात आणि त्यांतून नव्या उपचाराची अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

ट्रायलमध्ये नाव घालण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर बोलणे तेथेच थांबवावे. चाचणीखालील नवे औषध विकत घ्यायला लावणाऱ्यापासूनही दूरच राहावे. नोंदीतील ‘पब्लिक क्वेरी’ या मथळ्याखालील क्रमांकावर स्वतः फोन करणे केव्हाही चांगले. मात्र त्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण आपण त्या ट्रायलच्या निकषांत बसतो की नाही, हे सांगणे त्यांनाच सोपे जाते.

अपुरे कागद घेऊन जाणे

यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून पहाटेची एसटी पकडून केंद्रावर पोहोचायचे आणि ‘जुना इको आणा’ एवढे ऐकून परत फिरायचे, ही वेळ टाळता येण्याजोगी असते. हृदयाच्या कमकुवतपणावरील अनेक ट्रायलमध्ये टू-डी इकोमधील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) ‘इजेक्शन फ्रॅक्शन’चा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकते त्याचा, आकडा पाहतात आणि 40 टक्के किंवा त्याहून कमी ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. सीओपीडीसाठी छातीचा एक्स-रे पुरत नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री लागते, तीही श्वासनलिका मोकळी करणारे औषध दिल्यानंतरची. इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शनचा आणि स्पायरोमेट्रीच्या अहवालात औषधानंतरचा आकडा आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. पत्र्याच्या घरात, पेटीत ठेवलेली पट्टी आपल्याकडच्या एका उन्हाळ्यातच पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. औषधांची नावे तोंडी सांगण्यापेक्षा रिकाम्या पाकिटांसह सगळ्या गोळ्या एका थैलीत घालून न्याव्यात. डिस्चार्ज कार्डाची केवळ पहिली बाजू झेरॉक्स करण्याची सवय तर फारच नडते. औषधांचे डोस बहुधा मागच्या बाजूला असतात.

‘नाही घेणार’ या भीतीने माहिती लपवणे

खर्रा, बिडी, दारू, वैदूची जडीबुटी, मागच्या महिन्यातील अ‍ॅडमिशन या गोष्टी लपवल्याने प्रवेश मिळेलही, पण धोका रुग्णाचाच वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जडीबुटीशी मेळ बसला नाही, तर रक्तस्राव होऊ शकतो. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. या आजारामुळे फुफ्फुसांतील रक्तदाबही वाढू शकतो. म्हणून आपला किंवा घरातील कोणाचा सिकलसेलचा अहवाल असेल, तर तो न विचारताही दाखवावा.

येथे एका उलट अडचणीकडेही लक्ष द्यायला हवे. सीओपीडीच्या अनेक ट्रायल ठरावीक वर्षांचे धूम्रपान ही अट घालतात. पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्यांवर आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या, बिडीला कधी हातही न लावलेल्या बाईची फुफ्फुसे तितकीच खराब झालेली असली, तरी ती या अटीमुळे बाहेर राहते. माझ्या मते हा अशा ट्रायलच्या आखणीतील दोष आहे. तरीही चुलीची माहिती सांगितलीच पाहिजे : किती वर्षे, दिवसातून किती वेळ, स्वयंपाकघराला खिडकी होती की नव्हती. अशी अट नसलेल्या ट्रायलसाठी तीच माहिती महत्त्वाची ठरते.

तपासणीनंतर नकार मिळाला, तर कारण विचारावे. हिमोग्लोबिन कमी असणे, रक्तदाब फार वाढलेला असणे, दम्याचा झटका नुकताच येऊन गेलेला असणे, ही कारणे काही आठवड्यांत दूर होऊ शकतात आणि नियमांत तरतूद असल्यास पुन्हा तपासणी होते.

न वाचता सही करणे

‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स 2019’ नुसार माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे, आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्याच्या हातात पडली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर असावा लागतो. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडकडील माडिया बोलणाऱ्या रुग्णाला मराठी कागद वाचून दाखवणे पुरेसे नाही, हे नातेवाइकांनी आवर्जून सांगावे. कागद घरी नेऊन विचार करण्यासाठी वेळ मागण्यात काहीही वावगे नाही.

संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव यांच्या जागा असतात. उत्पन्नाचा रकाना पाहून काही जण बिचकतात, तर वारसाच्या जागी काही जण नुसते ‘मुलगा’ असे लिहितात. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, हे ठरवण्यासाठी तो वारस असतो. म्हणून पूर्ण नाव, पत्ता आणि नाते स्पष्ट लिहावे. ट्रायलदरम्यान इजा झाल्यास मोफत उपचारांची तरतूद या नियमांत आहे. मात्र तालुक्याच्या दवाखान्यात परस्पर भरती होऊन केंद्राला काहीच कळवले नाही, तर पुढे अडचण येते. केंद्राने दिलेले कार्ड आणि फोन क्रमांक घरातील दुसऱ्या माणसाजवळही ठेवावा.

शेतीचा हंगाम आणि तपासणीच्या तारखा

भेटींच्या तारखा ठरलेल्या असतात आणि मागेपुढे होण्यास थोडेच दिवस मिळतात. जूनमधील पेरणी किंवा कापसाच्या वेचणीचे दिवस आड येत असतील, तर ते सामील होण्यापूर्वीच बोलावे. प्रवासखर्च कसा आणि केव्हा मिळणार, तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

ट्रायलची औषधे शेजाऱ्याला देऊ नयेत, उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटेसुद्धा फेकू नयेत. केंद्रावर ती मोजली जातात. इनहेलर पत्र्याखाली ठेवल्यास मे महिन्यात बिघडू शकतो. तो घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा आणि तापमानाची मर्यादा किती, हे केंद्रात विचारावे.

मध्येच सांगितल्याशिवाय निघून जाणे

ट्रायल केव्हाही, कारण न देता सोडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. परंतु औषध अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते. बीटा ब्लॉकर गटातील (हृदयाचे ठोके संथ करणारी) गोळी एकाएकी बंद केल्यास छातीचे दुखणे उसळू शकते आणि कृत्रिम झडप असलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी सोडल्यास झडपेवर रक्ताची गाठ धरू शकते. सोडायचे ठरले, तर केंद्राला फोन करावा, शेवटची तपासणी करून घ्यावी, उरलेली औषधे परत द्यावीत, आणि पूर्वीची कोणती गोळी कोणत्या दिवसापासून सुरू करायची, हे नेहमीच्या डॉक्टरांसाठी कागदावर लिहून घ्यावे. आपल्याला कोणते औषध मिळाले होते, हे अनेकदा संपूर्ण ट्रायल संपल्यावरच सांगता येते. त्यासाठी आपला चालू मोबाइल क्रमांक केंद्राकडे नोंदवून ठेवावा आणि तो बदलल्यास कळवावे.