नाटक घेऊन बसने देशभर: पहिल्यांदा दौऱ्यावर निघणाऱ्यांसाठी

दौऱ्याचं ठरलं की नवी मुलं आधी विचारतात, ‘प्रयोग किती?’ मग विचारतात, ‘गावं किती?’ सांगलीतल्या एका हौशी गटाबरोबर मी बसने देशाचा बराचसा भाग फिरले आहे, आधी नटी म्हणून आणि पुढे व्यवस्थापक म्हणून. त्यावरून माझं ठाम मत झालंय की विचारायचा खरा प्रश्न एकच आहे: एका गावात मुक्काम किती? दोन रात्री मिळत नसतील तर ते गाव यादीतून काढा. रोज एक गाव आणि रोज एक प्रयोग असं वेळापत्रक कागदावर भरगच्च दिसतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी नटांचे आवाज बसतात, सेटचे कोपरे फुटतात, आणि गावाचं नाव सोडून त्या गावातलं काहीही लक्षात राहत नाही.

आपण सांगलीकरांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक कथांचे खेळ करणारे कलावंत, सांगलीत आली. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांचे खेळ पाहिले आणि तसं काही मराठीत करा, असं विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग झाला, आणि आज आपण तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. चिंतामणराव गेल्यावर संस्थानचा आधार सुटला, तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत प्रयोग केले. परप्रांतातली फिरती मंडळी आपल्या गावी राहिली, कुणीतरी त्यांच्याकडे मन लावून पाहिलं, म्हणून आपलं नाटक उभं राहिलं. दौऱ्यावर गेल्यावर आपणही कुणाच्या तरी गावात नुसतं उतरायचं नाही, राहायचं.

मार्ग आखताना मी आधी ड्रायव्हरकाकांना बसवते आणि मग नकाशा उघडते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. कायद्याचं राहू द्या, माणसाच्या शरीराचा हिशेबही तोच आहे. थांबे, टोलनाके, शहरातली कोंडी धरली तर भरलेली बस तासाला सरासरी ४५-५० किलोमीटर जाते. म्हणजे एका चालकाचा दिवस ३५०-४०० किलोमीटरवर संपतो. नागपूर ते भोपाळ साधारण ३५० किलोमीटर, तो एका दिवसात बसतो. बंगळूर ते हैदराबाद ५७० च्या आसपास, तो बसत नाही. तिथे अनंतपूर किंवा कर्नूलला झोपायचं, नाहीतर दुसरा चालक घ्यायचा. आमचे काका पहिल्याच बैठकीत म्हणाले, “ताई, रात्री बारा ते पाच गाडी हलणार नाही. मग तुमचा प्रयोग कुठंही असू दे.” ही अट मी त्या दिवसापासून प्रत्येक गाडीवाल्याला आधी सांगते आणि ज्याला ती मान्य नसते त्याची गाडी घेत नाही.

गाडीची कागदपत्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. राज्याबाहेर जायचं तर अखिल भारतीय पर्यटक परवाना लागतो. २०२३ च्या नव्या नियमांनुसार तो ऑनलाइन मिळतो. सोबत फिटनेस, विमा, पीयूसी आणि प्रवाशांची छापील यादी एका फाइलमध्ये. आणि टपावर सेट बांधायचा मोह टाळा. पावसाने प्लायवूड फुगतं, सीमेवर अडवतात, आणि उंच भार घेतलेली बस घाटात झुलते.

म्हणून सेट बसच्या डिकीत मावेल असाच बनवायचा, आणि हे तालमीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवायचं. आठ बाय चार फुटांचा फ्लॅट, म्हणजे देखाव्याची सपाट चौकट, सांगलीतल्या रंगमंचावर छान दिसतो, बसमध्ये तो कुठेच जात नाही. चार बाय दोनचे तुकडे करा. लेव्हल्सचे, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यांचे, पाय सुटे होणारे असू द्या. सगळीकडे एकाच मापाचे नट-बोल्ट वापरा, म्हणजे दोन पान्यांवर अख्खा सेट उभा राहतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे ठळक अक्षरात क्रमांक आणि डिकीत चढवण्याचा क्रम लिहा. प्रयोग संपल्यावर रात्री अकराला दमलेल्या माणसाला विचार करायला लागता कामा नये.

विजेची चौकशी मात्र फोनवर तीनदा करा. रंगमंचावर झोत टाकणारा जुना पार दिवा एक हजार वॅटचा असतो. असे दहा लावले तर दहा किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला ४३ अँपिअरच्या वर. शाळेच्या हॉलमधला १५ अँपिअरचा प्लग चौथ्या दिव्यालाच मान टाकतो. यजमान ‘लाइटची सोय आहे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ट्यूबलाइट असू शकते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आपण विचारायचं: मंजूर भार किती, थ्री फेज आहे का, मेन स्विच कुठे आहे, स्थानिक इलेक्ट्रिशियन किती वाजता येईल? आता आम्ही एलईडी पार नेतो. वजन कमी, भार त्याहून कमी. जुन्या दिव्याचा उबदार पिवळा रंग मला आजही जास्त आवडतो, पण दौऱ्यावर एलईडीच बरा.

वाद्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या गटांमध्ये सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात. आमच्याकडे मिरजेचा तंबोरा असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण भोपळा तो भोपळाच. एक धक्का बसला की तडा जातो. तंबोरा डिकीत टाकायचा नाही, आणि इंजिनाजवळच्या सीटवरही नाही, तिथल्या उष्णतेने सांधे सुटतात. त्याला माणसासारखी स्वतंत्र सीट द्यायची, गोधडीत गुंडाळून. कर्नाटकातल्या दमट, डोंगराळ मलनाडमध्ये तबल्याचा सूर उतरतो, कोरड्या राजस्थानात चढतो, आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, हीही हवेप्रमाणे बदलते. नव्या गावी वाद्यं उघडून त्यांना निदान तीन-चार तास तिथल्या हवेत राहू द्यावं लागतं. दोन रात्रींच्या मुक्कामाचा आग्रह मी धरते त्याचं हे एक कारण.

मुक्काम कसा असावा हे पाहायचं असेल तर हेग्गोडूला जा. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यातलं हे छोटं खेडं. १९४९ मध्ये तिथे नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली, के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली, आणि १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८५ पासून नीनासमचं ‘तिरुगाट’ हे फिरतं नाटकमंडळ कर्नाटकभर गावोगाव जातं. सुपारीच्या बागांमध्ये काम करणारी माणसं संध्याकाळी येऊन जगभरातली नाटकं पाहतात आणि चहा पिताना त्यावर बोलतात. तिथे आपला प्रयोग करण्याआधी एक संध्याकाळ नुसतं प्रेक्षकांत बसायचं. नीनासमची मुलं सेट कसा उतरवतात, कपडे कसे घडी करतात, कोण कुणाला हाक न मारता काम उचलतं, हे पाहायचं. आमच्या गटाने बस भरण्याची शिस्त अशीच पाहून घेतली.

भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र आहे. १९८२ मध्ये उघडलेली, चार्ल्स कोरियांनी मोठ्या तलावाच्या उतारावर रचलेली ही वास्तू पाहायला अर्धा दिवस ठेवा. तिथल्या आदिवासी चित्रांसमोर आमचा नेपथ्यकार इतका वेळ बसला की जेवण विसरला. परत आल्यावर त्याच्या रेषा बदलल्या होत्या. उदयपूरला भारतीय लोक कला मंडळात कठपुतळीचे खेळ पाहा, आणि शक्य असेल तर बाहुली हातात घेऊन बघा.

भाषेचं भय मनातून काढा. बेळगाव, इंदूर, बडोदा इथे मराठी प्रेक्षक आहे, तिथे नाटक जसंच्या तसं करा. बाकी ठिकाणी प्रयोगाआधी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून पाच मिनिटांत गोष्ट सांगून घ्या, त्यांच्याच भाषेत. मग गाणी आणि हालचाल आपलं काम करतात. लांब स्वगतं कापा. विनोद सगळ्यात आधी अडखळतो, तर घरगुती भांडण कुठेही कळतं.

पैशांचं थोडक्यात. तिकिटांवर दौरा चालत नाही. नागपूर आणि उदयपूर या दोन्ही विभागीय सांस्कृतिक केंद्रांच्या क्षेत्रात महाराष्ट्र येतो. त्यांच्याकडे सहा-आठ महिने आधी पत्र, नाटकाची चित्रफीत आणि गटाची नोंदणी घेऊन जा. यजमान संस्थेकडून मानधन कमी मिळालं तरी चालेल, पण राहणं आणि जेवण लेखी मागा. नव्या माणसाला नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळेलच असं नाही. रोजचा भत्ता मात्र मिळायलाच हवा, आणि तो निघण्याआधी ठरायला हवा. ‘कलेसाठी करतोय’ म्हणत पोरांना उपाशी ठेवणाऱ्या गटात जाऊ नका.

मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. राहण्याची जागा, खोलीत कोण, दाराला आतून कडी आहे का, हे व्यवस्थापकाला विचारताना अजिबात संकोच नको. पेट्रोल पंप दिसला आणि गरज असेल तर गाडी थांबवायला सांगा. पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, त्याने आजारपण येतं. गटात आणखी निदान दोन बायका असतील तरच लांबच्या दौऱ्याला हो म्हणा. घरच्यांना मार्ग आणि मुक्कामाचे पत्ते कागदावर लिहून द्या. माझ्या आईचा विरोध त्या कागदामुळे मावळला.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि तासगावचे बेदाणे एवढं घरून निघालं की पहिले कितीतरी दिवस धाब्यावर अवलंबून राहावं लागत नाही. ओआरएसची पाकिटं भरपूर घ्या.

बसमध्ये माणसं खूप जवळ येतात आणि तितकीच एकमेकांना टोचतात. आमच्याकडे प्रत्येक मुक्कामानंतर जागा बदलतात, म्हणजे कंपू होत नाहीत. दुपारच्या जेवणानंतर तासभर कुणी बोलत नाही, फोनचा आवाजही फक्त इअरफोनमध्ये. रात्री पंधरा मिनिटांची बैठक होते, त्यात फक्त काय मोडलं, काय हरवलं, उद्या किती वाजता निघायचं एवढंच. अभिनयावरची टीका सकाळी, झोप झाल्यावर.

सुरुवात कुठून करायची, हे मुलं नेहमी विचारतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी सांगली-मिरजेतल्या हौशी गटांच्या तालमी जोरात चालू असतात. तिथे जा आणि भूमिका मागू नका. सेट लावायला, कपड्यांना इस्त्री करायला, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळायला हात लागतील का ते विचारा. बसमध्ये जागा मोजकी असते, त्यामुळे व्यवस्थापक दोन-तीन कामं येणाऱ्यालाच आधी घेतो. गाणं येत असेल आणि केबल गुंडाळताही येत असेल, तर मी तुमचं नाव यादीत वर लिहीन. येताना पाना आणि टॉर्च स्वतःचा आणा.