शोरूमचे फ्लडलाइट आणि आमची खिडकी

समोर गाड्यांचं शोरूम झालं आणि आमच्या बेडरूममधली रात्रच संपली. पार्किंगच्या खांबावर 200 वॅटचे दोन एलईडी फ्लडलाइट, तोंड थेट आमच्याकडे. जाड पडदे लावून पाहिले, तर मे महिन्यात घामाच्या धारा.

मग मोबाइलच्या ॲपवर खिडकीत उजेड मोजला: 22 लक्स. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स भरतं! ॲप म्हणजे काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पण आकडा दाखवला की समोरचा ऐकून तरी घेतो.

महापालिकेत या टेबलावरून त्या टेबलावर झालं. आवाजासाठी 2000 सालचे नियम आहेत, निवासी भागात रात्री 45 डेसिबल. उजेडासाठी तसा देशभराचा नियम नाही. उरतो तो सार्वजनिक उपद्रवाचा रस्ता: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. सोसायटीतल्या अकरा घरांच्या सह्यांचा अर्ज तयार ठेवला. पण तो देण्याआधी मॅनेजरसाहेबांना रात्री नऊला चहाला बोलावलं आणि पलंगावरच बसवलं. दोन मिनिटांत डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "अहो, हे तर फारच आहे."

आठवड्यात काम झालं. दिव्यांची तोंडं जमिनीकडे, वर पत्र्याची झाकणं, 6500 केल्विनच्या पांढऱ्याफेक उजेडाऐवजी 3000 केल्विनचे पिवळसर, कमी वॅटचे दिवे आणि अकराला बंद करणारा टायमर. वॉचमनकाका तर खूशच, डोळ्यांवरची तिरीप गेल्यामुळे त्यांना गेट आता नीट दिसतं. खिडकीत आता 1 लक्स. लाल साइनबोर्ड अजून लुकलुकतो, त्यासाठी पुन्हा चहा ठरलाय.