टीमक्स: जोडणी तुटली तरी टर्मिनलमधलं काम चालू कसं ठेवावं

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर टर्मिनलमधून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिन करून मी एकदा मोठा डेटाबेस इम्पोर्ट करायला लावला होता. अडीच तासांनी वायफाय गेलं. पुन्हा लॉगिन केलं, तर इम्पोर्ट बंद आणि टेबलं अर्धवट भरलेली. ती साफ करण्यात रात्र गेली. जोडणी तुटली की त्या टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामना 'हँगअप' सिग्नल जातो, आणि बहुतेक प्रोग्राम तो मिळताच थांबतात.

टीमक्स नेमका इथे कामी येतो. तो सर्व्हरवर पार्श्वभूमीत चालतो आणि तुमचे प्रोग्राम त्याच्या ताब्यातल्या टर्मिनलला जोडलेले असतात. तुमच्या लॅपटॉपवरची खिडकी फक्त आत डोकावते, ती बंद झाली तरी आतल्या कामाला धक्का लागत नाही. हे मुक्त सॉफ्टवेअर निकोलस मॅरियट यांनी 2007 मध्ये आणलं. ग्नू स्क्रीन हेच काम 1987 पासून करतंय, पण नव्याने शिकत असाल तर टीमक्सच धरा.

आधी इन्स्टॉल करा. काम जिथे चालणार त्या सर्व्हरवर, लॅपटॉपवर नव्हे. ही गफलत फार जणांची होते. डेबियन किंवा उबुंटूवर 'सुडो एप्ट इन्स्टॉल टीमक्स', फेडोरावर एप्टच्या जागी डीएनएफ. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना छोटी रोमन अक्षरं वापरा. टीमक्स म्हणजे टी, एम, यू, एक्स.)

मग नाव देऊन सेशन, म्हणजे टीमक्समधलं कामाचं एक सत्र, सुरू करा: 'टीमक्स न्यू -एस बॅकअप'. नाव दिलं नाही तर 0, 1, 2 असे आकडे मिळतात, आणि आठवड्याने 2 मध्ये काय होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून नाव द्याच. खाली हिरवी पट्टी दिसली की तुम्ही आत आहात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टीमक्सला काही सांगायचं तर आधी कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, दोन्ही सोडायचं, आणि मगच पुढचं बटण. नवीन माणूस कंट्रोल धरूनच ठेवतो आणि काही होत नाही म्हणून वैतागतो. हे करून बघा: कंट्रोल-बी, सोडा, डी. तुम्ही बाहेर आलात, काम आत चालू आहे. खुशाल लॉगआउट करा.

परत आल्यावर 'टीमक्स एलएस' सगळी सेशन दाखवतं आणि 'टीमक्स अटॅच -टी बॅकअप' तुम्हाला होतात तिथे नेऊन सोडतं. बाहेर पडताना सवयीने 'एक्झिट' मात्र टाइप करू नका. त्याने शेलच, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्रामच, बंद होतं, आणि ते शेवटचं असेल तर सेशनही जातं.

एकाच सेशनमध्ये अनेक कामं ठेवता येतात. कंट्रोल-बी नंतर सी दाबलं की नवी विंडो, स्वल्पविराम दाबला की तिला नाव, आकडा दाबला की त्या विंडोवर उडी. तसंच कंट्रोल-बी नंतर % ने पडदा डावा-उजवा विभागतो, " ने वर-खाली, बाणांनी इकडून तिकडे जा. एका भागात लॉग, शेजारी एडिटर, अशी मांडणी मी रोज वापरतो. लॉग नीट वाचायचा असेल तेव्हा कंट्रोल-बी नंतर झेड दाबलं की तो भाग पूर्ण पडदाभर होतो, पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत.

मागचं आउटपुट बघायला कंट्रोल-बी, मग [ आणि पेज-अप. या अवस्थेत नवीन ओळी दिसत नाहीत, म्हणून प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो. तो अडकलेला नसतो, क्यू दाबा. टीमक्स मुळात 2000 ओळीच लक्षात ठेवतो, त्या मला कायम अपुऱ्या पडतात. होम फोल्डरमधल्या '.टीमक्स.कॉन्फ' फाइलमध्ये या दोन ओळी घाला:

सेट -जी हिस्टरी-लिमिट 20000
सेट -जी माउस ऑन

दुसऱ्या ओळीमुळे माउसने स्क्रोल करता येतं आणि भागांच्या कडा ओढता येतात. फाइल लागू करायला 'टीमक्स सोर्स-फाइल' आणि तिचा पत्ता द्या. ओळींची नवी मर्यादा आधीच्या विंडोंना लागत नाही, नव्या उघडाल त्यांनाच लागते.

सर्व्हर रीबूट झाला तर मात्र सगळी सेशन जातात. ठरलेल्या रीबूटआधी 'टीमक्स एलएस' बघून घ्या, आणि जे काम संपलंय ते 'टीमक्स किल-सेशन -टी बॅकअप' असं नाव घेऊन बंद करा.