नेटवर्किंगमध्ये नवीन आहात? आधी नेबर टेबल वाचायला शिका

सर्व्हर सांभाळायच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी नेबर टेबल, म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) कोणता याची मशीनने ठेवलेली यादी, उघडायला सांगतो. एआरपी (आयपीवरून मॅक शोधायचा प्रोटोकॉल) सगळ्यांनी वाचलेलं असतं: 'हा आयपी कुणाचा?' असं ब्रॉडकास्ट करायचं, ज्याचा असेल तो आपला मॅक अ‍ॅड्रेस कळवतो. 1982 च्या आरएफसी 826 या एआरपीच्या मूळ दस्तऐवजाचा गाभा एवढाच, आणि मुलाखतीतही बहुतेक वेळा गाडी इथेच थांबते. पण मिळालेल्या उत्तरावर किती वेळ विसंबायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. कामात घोळ होतात ते तिथे.

लिनक्सवर 'आयपी नेबर' कमांड चालवा. प्रत्येक ओळीच्या शेवटी रीचेबल, स्टेल, डिले, प्रोब, फेल्ड यांपैकी काहीतरी दिसेल; ही त्या नोंदीची स्थिती. ही पद्धत मुळात आयपीव्ही 6 च्या नेबर डिस्कव्हरीची. लिनक्स तीच आयपीव्ही 4 लाही लावतो. स्टेल दिसलं की नवी मुलं घाबरून कॅशे फ्लश करतात, म्हणजे टेबल रिकामं करतात. कृपया करू नका. स्टेल म्हणजे पत्ता चुकलाय असं नाही, अलीकडे त्याची खात्री झालेली नाही, इतकंच. पुढचं पॅकेट त्याच मॅकवर लगेच जातं आणि नोंद डिलेमध्ये येते. 5 सेकंदांत टीसीपीकडून पोच मिळाली की पुन्हा रीचेबल. नाहीतर प्रोब: थेट त्याच मॅकला 3 वेळा विचारणा, आणि तरीही उत्तर नाही तर फेल्ड. रीचेबलची मुदत मुळात 30 सेकंद, पण कर्नल ती 15 ते 45 च्या दरम्यान हलती ठेवतो, म्हणजे सगळ्या मशीन एकदम विचारत सुटत नाहीत. मला हे डिझाइन फार आवडतं.

एका मोठ्या सबनेटमध्ये आमचा एक कंटेनर होस्ट काही मशीनशी बोलायचा, काहींशी नाही, आणि कोणाशी नाही हे सारखं बदलायचं. फायरवॉल, केबल, स्विच सगळं तपासून झालं. उत्तर डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या लॉगमध्ये) होतं: नेबर टेबल ओव्हरफ्लो. नोंदींची कमाल मर्यादा, जीसी थ्रेश 3, डीफॉल्टने 1024 असते, आणि होस्टवरच्या सगळ्या नेटवर्क नेमस्पेसच्या (कंटेनरना मिळणाऱ्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यांच्या) नोंदी तिच्यातच मोजल्या जातात. मर्यादा वाढवली, प्रश्न मिटला.

सरावासाठी दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात. एकीवरून दुसरीला पिंग चालू ठेवा, दुसरीचा मॅक बदला आणि पहिलीवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून टेबल पाहत राहा. पिंग किती वेळ अडकतो ते मोजा, मग हाच प्रयोग ग्रॅच्युइटस एआरपी (कोणी न विचारता आपला मॅक जाहीर करणारा संदेश) पाठवून करा. फेलओव्हरमध्ये (एक मशीन बंद पडून दुसरी तिचं काम घेते तेव्हा) आयपी हलवल्यावर ते का पाठवतात, ते लगेच कळेल.