एका जेवणाने साखर किती चढते, हे घरी कसं मोजावं

चौदा वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला, तेव्हापासून फुकट सल्ल्यांना तोटा नाही. भात सोड. चहात साखरेऐवजी गूळ घाल. भाकरी कितीही खा, काही होत नाही. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि भाकरीतल्या पिठाचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, हे सांगून मी दमलो. आता सांगतो, घरात ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबावरून रक्तातली साखर मोजणारं यंत्र आहे ना, मग मोजून बघा. पण फक्त ‘जेवणानंतर १७०’ (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) एवढ्यावरून काहीच कळत नाही. जेवणाआधी १६० असेल तर जेवण बिचारं निर्दोष आहे. लागतो तो आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक.

१. ताट ठरवा. एका वेळी एकाच पदार्थाची परीक्षा घ्या आणि तो वजनकाट्यावर मोजून वाढा. तुमच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं, म्हणजे चमचाभर. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातून साधारण चाळीस ग्रॅम येतं. ‘वाटीभर’ म्हणताना वाटी कोणती, यावर सगळं अवलंबून आहे.

२. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. आंबा कापलेल्या बोटावरचा रस थेंबात मिसळला, की यंत्र तुमची नव्हे, आंब्याची साखर सांगतं.

३. टोचा. बोटाच्या कडेला, मधोमध नको. थेंब आला नाही तर हात खाली सोडा, पिळू नका. स्ट्रिपच्या, म्हणजे थेंब लावायच्या पट्ट्यांच्या, डबीचं झाकण लगेच लावा, विशेषतः पावसाळ्यात.

४. पहिला आकडा लिहा. पहिल्या घासाच्या आधी. तो ७० च्या खाली असेल तर प्रयोग तिथेच थांबवा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सकाळी उपाशीपोटी आकडा रात्रीपेक्षा जास्त आला, तर यंत्राला शिव्या घालू नका. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत असतं आणि यकृत स्वतःच्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडतं. बऱ्याच जणांचं शरीर सकाळी इन्सुलिनलाही (रक्तातलं ग्लुकोज पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) नीट दाद देत नाही, म्हणून नाश्त्याची तुलना नाश्त्याशीच करा.

५. दुसरा आकडा, दोन तासांनी. इथे मी दोन वर्षं चुकत होतो.

पहिली चूक घड्याळाची. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. मी मोजायचो हात धुतल्यापासून, आणि आमच्याकडे जेवण गप्पांसकट पाऊण तास चालतं. म्हणजे माझे ‘दोन तास’ खरे पावणेतीन होते. तोवर साखर उतरणीला लागलेली असायची आणि मी खुशीत असायचो. पहिला घास तोंडात घालताना मोबाईलवर गजर लावा. मधे बडीशेपेच्या गोळ्या, चहा, ‘फक्त एक लाडू’, काही नाही.

दुसरी चूक शतपावलीची. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. चालणं उत्तमच, पण एक दिवस चाललात आणि एक दिवस बसून राहिलात, तर तुम्ही भाताची तुलना भाकरीशी करत नसून चपलेची खुर्चीशी करत असता. आधी बसून मोजा. मग तेच ताट, तेवढंच वजन, पंधरा मिनिटं चालून मोजा. तो फरक बघितल्यावर माझी शतपावली कधी चुकली नाही.

तिसरी चूक पुरणपोळीची, आणि ती सगळ्यात लबाड. होळीला तुपात बुडवून दोन पोळ्या खाल्ल्या. आधी ११२, दोन तासांनी १५८. ‘वरून तूप घेतलं की साखर चढत नाही’ हा घरचा सिद्धांत मी स्वतः चार जणांना ऐकवला. पुढच्या वर्षी सहज साडेतीन तासांनीही टोचून बघितलं, तर २०४. तुपाने साखर अडवली नव्हती, लांबवली होती. चरबी असली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, ग्लुकोज लहान आतड्यात उशिरा पोचतं आणि शिखर दोन तासांच्या पलीकडे सरकतं. तेव्हा पुरणपोळी, बिर्याणी, वडापाव, शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, यांना तिसरी स्ट्रिप खर्च करा, साडेतीन तासांनी. स्ट्रिप महाग आहे हे मान्य. मग पदार्थ कमी तपासा, पण अर्धवट तपासू नका.

६. वजाबाकी करा, पण फार बारकाईने नको. चांगल्या यंत्रालाही पंधरा टक्के इकडेतिकडे माफ असतं. खरा आकडा १६० असेल तर १३६ ते १८४ मधलं काहीही दिसू शकतं. दहाच्या फरकावरून पदार्थाला दोषी ठरवू नका, तेच ताट तीनदा मोजा. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत असावा, हे मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी धरलेलं लक्ष्य आहे. वयस्कर माणसाला किंवा गरोदर बाईला डॉक्टर वेगळं सांगतील.

माझ्या वहीत ज्वारीच्या दोन भाकऱ्यांनी ५८ चढवली, दीडशे ग्रॅम भाताने ६१. वहिनींना दाखवलं, तर म्हणाल्या, यंत्र बिघडलंय. असो. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी किंवा इन्सुलिन मात्र तिच्यावरून स्वतःहून कमीजास्त करू नका.