विसार देण्याआधी स्टॅम्प ड्युटीचा हिशेब कसा करायचा

आमचा फ्लॅट रीसेलचा, पुण्यातला. सौदा ५२ लाखांना ठरला. एजंट म्हणाला, "सहा टक्के धरा, ताई." मी ३ लाख १२ हजार लिहून मोकळी झाले. प्रत्यक्षात लागले ४ लाख १० हजार १००. वरचे ९८ हजार भिशीतून आणि आईकडून उभे केले. तुम्ही हा हिशेब विसार देण्याआधीच करा.

आधी रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले त्या भागातले मालमत्तेचे दर, बघा. ड्युटी करारातल्या किमतीवर लागते की रेकनरच्या? दोन्हींत जी जास्त, तिच्यावर. आमच्या फ्लॅटचं रेकनरचं मूल्य निघालं ५४ लाख ३० हजार. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की दर दिसतो. तो बांधीव क्षेत्रावर (भिंती धरून) लावायचा, कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या जागेवर) नाही. मी नेमकी तिथेच फसले. इमारत जुनी असेल तर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे मूल्यात घट, मिळतो, तो धरलाय का हे वकिलाला विचारा. आणि रेकनरपेक्षा करारातली किंमत फारच कमी असेल, म्हणजे फरक १० टक्क्यांच्या वर गेला, तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो.

मग टक्का. पुण्यात ७: मूळ ड्युटी ५, स्थानिक संस्थेचा १, मेट्रोचा १. मुंबईत ६. आमचे झाले ३,८०,१००. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही.

पहिलं घर म्हणून काही सूट असेल, असा माझा भाबडा समज होता. ड्युटीत सूट आहे ती बाईच्या नावाला, १ टक्का, आणि तीही खरेदीदार फक्त बायकाच असतील तर. नवऱ्याचं नाव दुसरं लावलं तरी गेली. आमचे ५४ हजार ३०० वाचले असते. पण कर्ज दोघांच्या पगारावर होतं, आणि व्याजाची वजावट घ्यायची तर मालकीत नाव लागतं. म्हणून दोघांची नावं ठेवली. तुमचं गणित वेगळं असेल, पण ते नावं ठरवण्याआधी मांडा.

हे पैसे रोख हाताशी हवेत. बँक कर्जाची रक्कम ठरवताना ड्युटी आणि नोंदणीचा खर्च सहसा घराच्या किमतीत धरत नाही.

व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. हा जादा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशातून जातो. पण विसरलात तर दंड तुम्हाला. जुन्या कररचनेत असाल तर ड्युटी आणि नोंदणी फी आयकरातल्या ८०सीच्या दीड लाखाच्या वजावटीच्या मर्यादेत दाखवता येते, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी.

ड्युटी ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या संकेतस्थळावर, ई-चलनाने भरा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवा. दोन साक्षीदार न्या, त्यांचं आधार बरोबर असू द्या. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो-अंगठ्याआधी डेटा एंट्रीची प्रिंट हातात देतात. मागे रांग कितीही असो, ती ओळ न् ओळ वाचा. आमच्या प्रिंटवर मजला चुकला होता, मी घाईत सही केली, आणि पुढे चूक दुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्या काकांना पुन्हा रजा काढून यावं लागलं.