रिमॅप केलेली पिकअप चढाला मान टाकते? डिझेलचा दाब असा तपासा

सपाटीला गाडी मस्त पळते. टोलनाक्यावरून सुटताना तर शेजारचा वळून बघतो. पण खंबाटकीचा चढ लागला, तिसऱ्या गिअरात पाय खालपर्यंत गेला, की कोणी मागून दावं ओढावं तशी गपकन बसते आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. कडेला घेऊन बंद केली, परत चालू केली, की काही झालंच नाही असा चेहरा. रिमॅप केलेल्या (ताकद वाढवायला ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, सेटिंग बदललेल्या) किंवा त्याचसाठी बाहेरून ट्यूनिंग बॉक्स लावलेल्या कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल पुरवणाऱ्या) पिकअपची ही नेहमीची रड. आणि गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं असतं: "पंप गेला."

मीही एकदा हे ऐकून पंप खोलून घेतला होता. पैसे गेले, त्रास तसाच राहिला. शेवटी सापडली ती क्लिपखाली चिरलेली रबरी नळी, किंमत चहा-भज्यांएवढी. तेव्हापासून एकच क्रम पाळतो. टाकीपासून सुरुवात करून इंजेक्टरकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे) जायचं, स्वस्तातलं आधी तपासायचं, आणि गाडी उभी असताना दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आधी हे डोक्यात बसवा

डिझेलच्या वाटेचे दोन भाग असतात. टाकी, नळ्या, फिल्टर आणि मोठ्या (उच्च दाबाच्या) पंपाचं तोंड इथपर्यंत कमी दाबाची बाजू. काही गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. काहींत तो नसतोच. मोठ्या पंपाला जोडलेला छोटा गिअर पंप डिझेल ओढून घेतो. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी नक्की करा. किल्ली फिरवल्यावर टाकीपाशी दोन-चार सेकंद गुणगुण ऐकू आली तर इलेक्ट्रिक पंप आहे.

मोठ्या पंपानंतर उच्च दाबाची बाजू: रेल (दाबाखालचं डिझेल साठवणारा पाइप) आणि इंजेक्टर. आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) इथे साधारण २५० ते ३५० बार असतात आणि पूर्ण जोराला बऱ्याच गाड्यांत १६०० बार किंवा त्याहून जास्त. कारच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पट म्हटलं तरी चालेल.

आता रिमॅपने काय होतं ते एका हिशेबात पाहू. चार सिलिंडरचं इंजिन ३६०० आरपीएमला मिनिटाला ७२०० वेळा डिझेल फवारतं. एका फवाऱ्याला ६० घन मिलिमीटर धरले तर मिनिटाला ४३२ मिलिलिटर झाले. ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) ते ७५ वर नेले की ५४० मिलिलिटर, म्हणजे तासाला २६ लिटरऐवजी ३२. इंजेक्टर आणि पंपातून टाकीकडे परत जाणारं डिझेल वेगळंच. नळी तीच, फिल्टर तोच, टाकीतली जाळी तीच. कंपनीच्या सेटिंगवर वर्षभर खपून गेलेला अर्धवट तुंबलेला फिल्टर रिमॅपनंतर पहिल्याच घाटात उघडा पडतो तो असा. रिमॅपने बिघाड केलेला नसतो, असलेला चव्हाट्यावर आणलेला असतो.

जुनी सवय सोडा

जुन्या ट्रकांवर हात बसलेले फिटर कोणता सिलिंडर मिस मारतोय हे पाहायला चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट सैल करतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. गळती शोधायला पाइपावरून बोटही फिरवायचं नाही. डिझेल कातडीत शिरलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, फारसं दुखतही नाही, पण आत पेशी मरत जातात. हळद लावून घरी बसायचं हे दुखणं नव्हे. तडक हॉस्पिटल गाठून 'दाबाने डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. उच्च दाबाचा कुठलाही पाइप खोलायचा तर इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं आणि स्कॅनरवर (ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) दाब उतरलेला पाहूनच पाना लावायचा.

पायरी १: बॉक्स काढा

रेल सेन्सरच्या सॉकेटमध्ये लावायचे ट्यूनिंग बॉक्स ईसीयूला खोटं सांगतात. रेलमध्ये १६०० बार असले तरी ते १४५० दाखवतात, मग ईसीयू दाब आणखी वाढवतो. गंमत अशी की तुमचा स्कॅनरही आकडा ईसीयूकडूनच घेतो, म्हणजे तोही फसलेला. बॉक्स लावलेला असताना दाब तपासणं म्हणजे पासंग असलेल्या तराजूत सोनं मोजणं. बॉक्स काढा, मूळ सॉकेट जोडा, ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसा, तोच चढ पुन्हा चढा. त्रास गेला तर बॉक्सच दोषी किंवा त्याचं सेटिंग जास्त. ईसीयू रिमॅप असेल तर ट्यूनरकडून मूळ फाइल (कंपनीचं सेटिंग) टाकून हीच परीक्षा घ्या. ट्यूनर मूळ फाइल द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या वेळी दुसरा ट्यूनर शोधा.

पायरी २: चढावर आकडे नोंदवा

कोडपासून सुरुवात करा. पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी, पी००८८ म्हणजे जास्त. पण कोड फक्त 'काय झालं' ते सांगतो, 'का' ते नाही. पी००८७ दिसला की पंप बदलायला निघणारे ताप आला की किडनी बदलतील.

सकाळी थंड इंजिनावर, चालू न करता नुसती किल्ली फिरवून रेलचा दाब पाहा. तो शून्याच्या जवळ हवा. रात्रभर उभ्या गाडीत पंचवीस-पन्नास बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. ती आधी निस्तरा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

मग भर घेऊन चढावर जा. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून फोनवर आकडे दाखवणारा) प्रत्यक्ष दाब दाखवतो, बहुतेकदा किलोपास्कलमध्ये. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणून ३०,००० दिसले तर घाबरू नका, ते ३०० बार आहेत. ईसीयूने मागितलेला दाब पाहायला बहुधा गॅरेजचा चांगला स्कॅनर लागतो. तो मिळवाच, कारण खरी गोष्ट मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब या दोन रेषांमधल्या अंतरात असते. फोन-स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

मागणी चढली आणि प्रत्यक्ष दाब क्षणभर मागे राहून गाठतो, हे ठीक. मागणी वर जातेय, प्रत्यक्ष मात्र एका उंचीवर अडकतो किंवा खाली घसरतो: डिझेल पुरत नाही किंवा कुठेतरी निसटतंय. प्रत्यक्ष रेषा करवतीसारखी वरखाली होते: डिझेलमधली हवा किंवा पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा). आणि दोन्ही रेषा हातात हात घालून चालताहेत तरी गाडी ओढत नाही? मग डिझेलचा नाद सोडा. टर्बोच्या नळ्या, एअर फिल्टर आणि बीएस-६ गाडी असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बघा.

पायरी ३: टाकी ते फिल्टर

बहुतेक केसेस इथेच सुटतात, म्हणून घाई करू नका.

टाकीचं झाकण सैल ठेवून चढ चढा (टाकी काठोकाठ भरलेली नको). फरक पडला तर हवेची वाट तुंबली आहे. पुढे फिल्टर: तळातलं डिझेल काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. पावसाळ्यानंतर हे हमखास. नवा फिल्टर चांगल्या कंपनीचा घ्या. जिथे हजारो रुपयांचे इंजेक्टर जपायचे तिथे शंभर रुपये वाचवू नयेत.

त्यानंतर फिल्टर आणि मोठा पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी बसवा, डिझेलला टिकणारी. इंजिन चालू करून फुगे बघा. सुरुवातीला चार-दोन येतील, पण सतत फुग्यांची माळ दिसली तर गाडी हवा धरतेय. ओढून घेणाऱ्या पद्धतीच्या गाडीत ही गळती बाहेर थेंबभरही दिसत नाही, कारण नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. माझी चिरलेली नळी म्हणूनच कुणाला दिसली नव्हती. क्लिपा, प्रायमरचा (हाताने दाबून डिझेल ओढायचा) रबरी फुगा, फिल्टरची रिंग, बॅन्जो बोल्टचे (नळीच्या जोडावरच्या पोकळ बोल्टचे) वॉशर एकेक करून बघत टाकीकडे जा.

फुगे नाहीत तरी दाब पडतो? मग मागच्या हौद्यात स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधा, टाकीतून निघणारी नळी काढून त्यात सोडा आणि तोच चढ चढा. गाडी सुधारली तर टाकीतली जाळी किंवा ओढणीचा पाइप तुंबलाय. टाकीत पंप असलेल्या गाडीवर हा प्रयोग चालत नाही. तिथे मोठ्या पंपाआधी टी-जोड लावून गेज बसवा आणि चढावर बघा. गेजची नळी केबिनमध्ये घ्यायची नाही. गेज बाहेर काचेपाशी टेपने चिकटवा. दाब पडत असेल तर पंपाला दोष देण्याआधी त्याच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि पंपापाशी ११ असेल तर पंपाआधी वायरिंग आणि गंजलेली अर्थिंग संशयित.

पायरी ४: परतीचं डिझेल

कमी दाबाची बाजू स्वच्छ निघाली, तरच इकडे या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी काढून तिथे सलाइनची नळी लावायची आणि चार सारख्या बाटल्यांत सोडायची. मूळ परतीची वाट बुजवायला विसरू नका. इंजिन गरम असू द्या. डिझेल तापून पातळ झालं की झिजलेला इंजेक्टर जास्त सोडतो. दोन-तीन मिनिटांत तीन बाटल्या सारख्या आणि एक दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर पकडला. पिएझो इंजेक्टर (विजेने हलणाऱ्या स्फटिकावर चालणारे) असतील तर हा घरगुती प्रयोग करू नका, त्यांना परतीच्या वाटेत ठरावीक दाब लागतो.

रेलच्या टोकाला सुरक्षा व्हॉल्व्ह असेल तर त्याची परतीची नळी इंजिन बंद असताना सोडवून बाटलीत घाला, मग चालू करून पाहा. नेहमीच्या चालीत तिथून डिझेल यायला नको. ट्यूनिंगच्या वाढीव दाबाने हा व्हॉल्व्ह उघडला की पुढे नीट बसत नाही. त्यामागे वॉशर घालून तो जाम करण्याचा 'जुगाड' काही जण सांगतात. रेलवरचा एकमेव सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून बॉनेटखाली डोकं घालायचं, हे मला तरी झेपणार नाही.

पायरी ५: आता पंप

आता पंपाचा संशय रास्त. मीटरिंग व्हॉल्व्ह आधी तपासून घ्या, तो काही पंपांवर वेगळा मिळतो. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडा. फिल्टरच्या घाणीत किंवा मीटरिंग व्हॉल्व्हपाशी धातूची चकाकी दिसली तर गाडी अजिबात चालू करू नका. पंप आतून झिजतोय आणि तो कीस रेलपासून इंजेक्टरपर्यंत पोचला असू शकतो. नुसता पंप बदलला तर नवाही त्याच वाटेने जाईल.

चकाकी नाही, सगळं ठीक, मूळ फाइलवर गाडी चढ सहज चढते आणि फक्त रिमॅपवर दाब पडतो, असं निघालं तर पंप धडधाकट आहे, मागणीच त्याच्या ऐपतीबाहेरची आहे. आकड्यांची नोंद ट्यूनरपुढे ठेवा आणि जिथे प्रत्यक्ष रेषा मागे पडते तिथलं डिझेल कमी करायला सांगा. दुरुस्ती काहीही निघो, तोच चढ तेवढाच भर घेऊन पुन्हा चढा आणि ती नोंद फोनमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी गाडी बसली की आधी तीच उघडायची.